खोक्यावर न छापलेली ओळख

वायफायचा डोंगल यूएसबी पोर्टात बसवला की पहिल्या सेकंदाभरात जे घडते, त्यातच पुढचे बरेचसे ठरून जाते. डोंगल आधी आपली ओळख सांगतो. ही ओळख म्हणजे दोन क्रमांकांची जोडी: एक उत्पादकाचा, एक उत्पादनाचा. दोन्ही सोळा बिटांचे, म्हणून षोडशमान पद्धतीत प्रत्येकी चार अंकी लिहिले जातात. रियलटेकच्या नावावर ०बीडीए, रॅलिंकच्या नावावर १४८एफ, अथेरॉसच्या नावावर ०सीएफ३. लिनक्सचा कर्नल ही जोडी जाहीर करतो आणि संगणकावर असलेल्या ड्रायव्हरांच्या यादीत ती शोधली जाते. प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला कोणकोणत्या जोड्या सांभाळता येतात हे आधीच सांगून ठेवतो. जोडी जुळली तर तो ड्रायव्हर स्मृतीत येतो, चिपसाठी लागणारे फर्मवेअर डिस्कवरून उचलून तिच्यात भरतो, आणि काही क्षणांत आसपासच्या नेटवर्कांची नावे दिसू लागतात. जोडी जुळली नाही तर काहीच होत नाही. त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही. 'नवे यूएसबी उपकरण सापडले' एवढी एक ओळ कर्नलच्या नोंदींत पडते आणि शांतता पसरते. वापरणाऱ्याला वाटते डोंगल बिघडला, किंवा लिनक्सला वायफाय जमत नाही. यातले बहुधा काहीच खरे नसते.

डोंगल चालेल की नाही हे टर्मिनलमध्ये कोणती आज्ञा दिली यावर फारसे अवलंबून नसते, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. त्याच्या आतली चिप कोणाची आहे आणि तिचा ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य स्रोतसंचात आहे की त्याबाहेर, यावर ते ठरते. आणि हे दुसरे उत्तर खरेदीच्या कितीतरी आधी, चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत ठरून गेलेले असते. 'ओपन सोर्स' या शब्दाभोवती जी चर्चा होते ती परवान्याभोवतीच फिरते: स्रोत खुला आहे का, बदलता येतो का, वाटता येतो का. वायफायच्या डोंगलचा इतिहास पाहिला तर परवाना खुला असणे पुरेसे नाही हे फार स्पष्ट दिसते. खुला असूनही बेवारस पडलेला ड्रायव्हर हा बंद ड्रायव्हराइतकाच निरुपयोगी ठरू शकतो.

आधी ओळखीचा घोळ. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल लिनक्स वापरणाऱ्यांत एके काळी फार प्रिय होता, आणि ते साधार होते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच होता, त्यामुळे डोंगल लावला की चालत असे. पुढे त्याच नावाने, तशाच बाह्यरूपात दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात चिप होती रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. दोन्ही चिपांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. ड्रायव्हर वेगळा, फर्मवेअर वेगळे, गुणदोष वेगळे. बदल झाला तो फक्त लेबलावरच्या आवृत्तीच्या बारीक आकड्यात. ज्यांनी जुन्या शिफारशी वाचून नवा डोंगल घेतला त्यांना तो चालेना, आणि 'आधी चालत होता, आता लिनक्सने बिघडवला' असा समज पसरला. एडिमॅक्सच्या ईडब्ल्यू-७८११यूएन या नखाएवढ्या डोंगलचेही तेच झाले. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायला स्वतःचे वायफाय नव्हते, ते २०१६ च्या पाय ३ मध्ये आले. मधल्या काळात पायच्या कडेला हा डोंगल सर्रास दिसे. त्याचीही दुसरी आवृत्ती वेगळी चिप घेऊन आली. तेव्हा 'अमुक मॉडेल लिनक्सवर चालते' हे वाक्यच अर्धवट आहे. मॉडेल हे खोक्याचे नाव असते आणि ड्रायव्हरला खोके दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. लिनक्सचा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नव्या आवृत्तीत बाहेर पडतो आणि त्याच्या अंतर्गत रचनेत सतत बदल होत असतात. बाहेरून प्रोग्रॅमांना दिसणारा भाग मोडायचा नाही हा कडक नियम आहे, पण आतली फंक्शने ड्रायव्हरांना कायम तशीच मिळतील असे आश्वासन कर्नलचे निर्माते देत नाहीत. त्याऐवजी एक वेगळी प्रथा आहे. जो कोणी आतले एखादे फंक्शन बदलतो, त्यानेच ते वापरणाऱ्या साऱ्या ड्रायव्हरांत दुरुस्ती करायची. त्यामुळे मुख्य स्रोतसंचात एकदा शिरलेला ड्रायव्हर त्याचा मूळ लेखक निघून गेला तरी बराच काळ तग धरतो, कारण घर दुरुस्त करताना त्याची खोलीही ओघाने दुरुस्त होते. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हराला हे भाग्य नाही. कर्नल बदलला की तो संकलितच होत नाही आणि ते सुधारणे कोणाचेच काम नसते.

रियलटेकच्या यूएसबी चिपांच्या बाबतीत वर्षानुवर्षे हेच झाले. कंपनीने स्रोत दडवला असे म्हणता येत नाही. डोंगल विकणाऱ्या ब्रँडांना ती ड्रायव्हरचा स्रोत देई, ते ब्रँड तो सीडीवर किंवा आपल्या डाउनलोडच्या पानावर ठेवत. परवानाही खुला होता. पण तो स्रोत त्या वेळच्या कर्नलसाठी लिहिलेला असे, त्यात वायफायचे सामायिक थर वापरण्याऐवजी सगळे स्वतःचेच पुन्हा रचलेले असे, आणि एकदा दिल्यावर कंपनी बहुधा मागे वळून पाहत नसे. मग उत्साही लोक त्याची प्रत घेऊन नव्या कर्नलसाठी ठिगळे लावत. एकेका चिपसाठी अशा डझनावारी प्रती फिरू लागल्या, कोणती ताजी आणि कोणती सोडून दिलेली हे कळेना. डीकेएमएस नावाची सोय आहे, ती दर नव्या कर्नलबरोबर असा बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा संकलित करते. पण फंक्शनच बदलले असेल तर तिचाही निरुपाय होतो. शिवाय सिक्युअर बूट चालू असेल तर घरी संकलित केलेला ड्रायव्हर सहीअभावी नाकारला जातो, आणि स्वतःची किल्ली तयार करून ती फर्मवेअरमध्ये नोंदवण्याचा खटाटोप आला. एका सकाळी अपडेट होतो, नवा कर्नल येतो, वायफाय जाते, आणि ते परत आणण्याची दुरुस्ती उतरवायला वायफायच नसते. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबी वायरीने जोडून टेदरिंग करणे हा सर्वांत बिनधोक उपाय, कारण त्याला लागणारा ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये आधीपासून आहे.

ड्रायव्हर मुख्य स्रोतसंचात असण्यावरच सारे ठरते, या दाव्याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच रियलटेकच्या चिपांच्या उत्तरायुष्यात मिळतो. आरटीएल८१८८ईयूचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर २०१३ साली कर्नलच्या 'स्टेजिंग' विभागात आला. अजून पुरेसा नीट नसलेला कोड तात्पुरता ठेवायची ती जागा. २०१५ मध्ये जेस सोरेनसेन यांनी आरटीएल८एक्सएक्सएक्सयू हा ड्रायव्हर सामायिक थरांवर उभा करून नव्याने लिहिला. हळूहळू त्यात एकेक चिप समाविष्ट होत गेली, आणि २०२३ मध्ये आरटीएल८१८८ईयू त्यात आल्यावर स्टेजिंगमधली जुनी प्रत काढून टाकता आली. त्याच वर्षी आरटीडब्ल्यू८८ या दुसऱ्या ड्रायव्हरला यूएसबीची जोड मिळाली. सर्वाधिक गाजलेली आरटीएल८८१२एयू ही चिप २०२५ च्या सुरुवातीच्या कर्नलांत मुख्य स्रोतसंचात सामावली गेली, ती बाजारात येऊन दशकभर लोटल्यावर. या काळात लॅरी फिंगर यांच्यासारख्या माणसांनी रियलटेकच्या ड्रायव्हरांवर पदरमोड करून काम केले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा कर्नलच्या वायरलेस विभागातल्या सहकाऱ्यांनी त्यांची विशेष दखल घेतली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की मधल्या काळात डोंगल जराही बदलला नव्हता. ड्रॉवरमध्ये टाकून दिलेला तोच प्लास्टिकचा तुकडा नव्या वितरणावर कोणतीही आज्ञा न देता चालू लागतो. दोष उपकरणात असता, किंवा लिनक्सच्या मूळ क्षमतेत असता, तर हे शक्यच नव्हते.

याच्या उलट बाजूला, जिथे कंपनी स्वतः पुढे आली, अशी दोन उदाहरणे आहेत. रॅलिंकच्या चिपांसाठी डेमियन बर्गामिनी यांनी ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीत ड्रायव्हर लिहिले. पुढे २०११ मध्ये मीडियाटेकने रॅलिंक विकत घेतली. त्या घराण्यातल्या चिपांसाठी लिनक्समध्ये एमटी७६ हा एकत्रित ड्रायव्हर उभा राहिला, आणि एमटी७९२१ या वायफाय ६ च्या चिपचा यूएसबी अवतार २०२२ पासून कर्नलमध्येच चालतो. मीडियाटेकचे अभियंते त्यावर स्वतः काम करतात. त्यामुळे आज नवा डोंगल घ्यायचा तर मीडियाटेकची चिप शोधा, असा सल्ला जाणकार देतात. दुसरे उदाहरण अथेरॉसचे, आणि ते जास्त बोलके आहे, कारण एकाच कंपनीने दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

सुरुवातीला अथेरॉसच्या चिपा लिनक्सवर मॅडवायफाय या ड्रायव्हराने चालत. त्याचा गाभा, म्हणजे प्रत्यक्ष रेडिओशी बोलणारा थर, बंद होता. रेडिओच्या वारंवारितेवर आणि शक्तीवर सरकारी बंधने असतात, आणि स्रोत उघडा केला तर कोणीही ती मोडेल, असे कारण दिले जाई. हा आक्षेप आजही ऐकू येतो आणि तो हास्यास्पद नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले, पण परवानामुक्त याचा अर्थ बंधनमुक्त असा नाही. किती शक्तीने प्रसारण करायचे याची मर्यादा आहेच. मात्र पुढे काय घडले ते पाहावे. ओपनबीएसडीच्या रेक फ्लोटर यांनी तो बंद थर उलगडून त्याला खुला पर्याय लिहिला, आणि २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःच एटीएच९के हा पूर्ण खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जुन्या बंद थराचा स्रोतही दिला. ज्या कारणाने तो बंद ठेवला होता ते कारण तेव्हाही तसेच होते. त्याचे निराकरण वेगळ्या मार्गाने झाले: कोणत्या देशात कोणते चॅनेल आणि किती शक्ती चालते याची सामायिक नोंदवही लिनक्समध्ये आहे, ती सहीनिशी वाटली जाते, आणि कर्नलचा वायफाय थर ती सगळ्या ड्रायव्हरांवर लागू करतो. देश ठाऊक नसेल तेव्हा तो सर्वांत सावध नियम धरतो. म्हणूनच शेजारच्या राउटरचे १३ वे चॅनेल कधी कधी दिसत नाही आणि देश 'आयएन' असा नोंदवल्यावर दिसू लागते. अमेरिकेतही या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. २०१६ मध्ये एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाने राउटरांच्या प्रसारणशक्तीच्या प्रकरणात टीपी-लिंकशी तडजोड केली, तेव्हा दंडाबरोबर त्रयस्थांचे फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने पावले उचलण्याची अटही घातली. नियमपालन आणि खुलेपणा एकत्र नांदू शकतात हे नियामकानेच मान्य केले म्हणायचे.

दुसरा आक्षेप कर्नलच्या निर्मात्यांवर घेतला जातो. अंतर्गत रचना एकदाची स्थिर करा, म्हणजे कंपन्यांचे ड्रायव्हर मोडणार नाहीत आणि सामान्य माणसाची दैना थांबेल. यात तथ्य आहे. आजच्या पद्धतीची किंमत कोणाला मोजावी लागते हे पाहिले तर ती कर्नलच्या लेखकाला नाही, डोंगल घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. पण स्थिर रचना केल्याने काय साधेल? विंडोजकडे ती आहे, तरी तिथेही ड्रायव्हर मरतात. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटांतच येते. ज्या डोंगलसाठी कंपनीने फक्त ३२ बिटांचा ड्रायव्हर सोडला तो तिथे कायमचा गेला. तो पुन्हा संकलित करायला स्रोतच हाती नाही. लिनक्सवर जुन्या चिपला पुनर्जन्म मिळतो तो याच एका फरकामुळे. विंडोजचे ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवण्याचाही प्रयोग झाला होता, एनडीआयएस-रॅपर नावाने. काही वर्षे त्याने अनेकांची गरज भागवली. पण आतल्या बंद कोडमध्ये चूक निघाली की कोणालाच हात घालता येत नसे, आणि लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर तयार होताच लोकांनी तो रॅपर आनंदाने टाकून दिला.

'विंडोजवर मात्र लावला की चालतो' या तक्रारीचे उत्तरही यातच आहे, पण त्यात एक गंमत दडलेली आहे. काही डोंगल लावल्यावर आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा इन्स्टॉलर असतो. तो चालला की डोंगल रूप पालटून वायफायचे उपकरण होतो. लिनक्सवर ०बीडीए:१ए२बी ही जोडी दिसली तर समजावे की डोंगल अजून सीडीच्या वेशात आहे. यूएसबी-मोडस्विच हे साधन त्या सीडीला 'बाहेर काढ' असा आदेश देते आणि खरी चिप समोर येते. विंडोजवरची सहजता ही अशी आधीच रचून ठेवलेली असते. त्यासाठी कंपनीने पैसे खर्च केलेले असतात, आणि लिनक्ससाठी ते केलेले नसतात. याला तांत्रिक श्रेष्ठत्व म्हणणे जरा जास्तच होईल.

सर्वांत कठीण आक्षेप आतल्या गोटातून येतो. ड्रायव्हर खुला असला तरी चिपमध्ये भरले जाणारे फर्मवेअर बहुधा बंदच असते. मग खुलेपणाचा हा सारा डौल पोकळ नाही का? ओपनबीएसडीने २००६ मध्ये आपली ३.९ ही आवृत्ती बंद ड्रायव्हरांविरुद्धच्या मोहिमेलाच वाहिली होती. पण चिपच्या आत चालणारे फर्मवेअर ती प्रणालीही स्वीकारते, फक्त परवान्यामुळे बरेचसे मूळ प्रणालीत न घालता मागाहून उतरवून घ्यावे लागते. डेबियन या लिनक्स वितरणाने तर बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेरच ठेवले होते. परिणाम असा की नवखा माणूस इन्स्टॉलर चालवी, वायफायसाठी फर्मवेअर मागितले जाई, आणि ते नेटवरून आणायला वायफाय नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे, तेव्हा हा वाद आपल्यालाही परका नाही. तत्त्वनिष्ठांची हळहळ मला समजते, पण निर्णय योग्य वाटतो. बंद फर्मवेअर चिपच्या आत चालते, कर्नलच्या बदलांनी ते मोडत नाही, म्हणून बेवारसपणाचा जो रोग ड्रायव्हराला जडतो तो त्याला तितका जडत नाही. त्यातली चूक मात्र कोणालाच सुधारता येत नाही, हे उणे राहतेच. ते उणे भरून काढता येते याचाही दाखला एआर९२७१ नेच दिला: क्वालकॉम अथेरॉसने २०१३ मध्ये तिच्या फर्मवेअरचा स्रोत खुला केला. असे डोंगल आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

सगळे अपयश ड्रायव्हराच्या माथी मारणेही बरोबर नाही. यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवले होते. पोर्टाला चिकटलेला डोंगल त्यात बहिरा होतो आणि हातभर एक्स्टेन्शन वायर लावली की सुधारतो. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देते, आणि स्वस्त हबवर तेवढीही मिळत नाही. पण ही कारणे डोंगल अडखळत चालण्याची आहेत. मुळीच न चालण्याचे कारण बहुतेक वेळा ड्रायव्हरच असतो.

राहता राहिला ग्राहकाचा आक्षेप, आणि तो मला अजून पूर्ण खोडता येत नाही. चिपचे नाव खोक्यावर नाही, दुकानदाराला ठाऊक नाही, मग घेण्याआधी ते कळायचे कसे? लावल्यानंतर सोपे आहे: एलएसयूएसबी ही आज्ञा ती आठ अंकी जोडी दाखवते आणि जोडीवरून चिप शोधता येते. घेण्याआधी दोनच धागे हाती असतात. एक, लेबलावर मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरात छापलेला आवृत्तीचा आकडा. दुसरा, अमेरिकेत विकण्यासाठी मान्यता घेतलेल्या डोंगलवर असणारा एफसीसी आयडी. तो त्या नियामकाच्या खुल्या नोंदणीत टाकला की अर्जासोबत जोडलेली छायाचित्रे बघायला मिळतात. त्यात बऱ्याचदा उपकरण उघडून घेतलेली छायाचित्रेही असतात, आणि हिरव्या पाटीवरच्या काळ्या चौकोनावर कोरलेला चिपचा क्रमांक अनेकदा वाचता येतो.